पुठ्ठ्याचे आकार

घरात एखादी नवी वस्तू आली की सर्वांचे डोळे त्या वस्तूकडे लागतात. ज्या खोक्यातून ती आली, त्या खोक्याकडे मात्र कोणी पाहत नाही. वस्तू बाहेर निघते, खोके चेपले जाते आणि खाटेखाली किंवा माळ्यावर जाऊन पडते. पुढे केव्हा तरी रद्दीवाल्याच्या तराजूत त्याचे वजन होते आणि थोडक्या पैशांत त्याचा निकाल लागतो. वहीच्या पाठीचा करडा पुठ्ठा, मिठाईची पेटी, चपलांचे खोके, सदऱ्याच्या घडीत घातलेला पातळ पुठ्ठा, या सर्वांची गत तीच. ज्याने दुसऱ्याला सांभाळून आणले, त्याला सांभाळावे असे कोणाच्या मनात येत नाही.

पुण्यातील अप्पा बळवंत चौकाजवळ, पुस्तकांच्या दुकानांमागील एका बोळात एक गृहस्थ राहत. त्यांचे सारे आयुष्य पुठ्ठ्याच्या संगतीत गेले होते. ते पुस्तकबांधणीचे काम करीत. सुटी पाने शिवावी, खळ लावावी, पुठ्ठा चढवावा, पाठीवर कापडी पट्टी बसवावी आणि पुस्तक शिकंज्यात दाबून ठेवावे, हे काम त्यांनी चाळीस वर्षे केले. पुढे काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू नेली. उजेड आणि सावली एवढेच काय ते कळे. शेवटच्या वर्षी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या ग्रंथाला पुठ्ठा उलटा चढवला. गिऱ्हाईक भले होते. ते काही बोलले नाही. पण त्याच संध्याकाळी आजोबांनी दुकानाची किल्ली आपल्या मुलाच्या हाती ठेवली. "आता माझ्या हातांत काही राहिलं नाही," एवढेच ते म्हणाले. तेव्हापासून ते खिडकीशी, दोन्ही हात मांडीवर ठेवून, गप्प बसून असत.

त्यांचा नातू सातवीत शिकत होता. घरात त्याची ख्याती धांदरट म्हणून होती. त्याच्या हातून पाण्याचा पेला कलंडे, चित्राच्या कागदावर शाई सांडे, आणि रेघ मारताना पट्टी हटकून सरके. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत शाळेने एक काम दिले. टाकाऊ पुठ्ठ्यापासून भूमितीतील घनाकृती तयार करून आणायच्या होत्या, आणि सुट्टीनंतर त्यांचे प्रदर्शन भरणार होते. दुकानात तयार आकृत्या मिळत होत्या, चकचकीत कागद लावलेल्या. एकदोन मित्रांनी त्या विकत आणल्याही होत्या. मुलाने आईजवळ पैसे मागितले. आईने खाटेखाली बोट दाखवले आणि म्हटले, "ते पंख्याचं खोकं पडलं आहे ना? घरचा पुठ्ठा सोडून विकतचं कशाला?"

मुलाने नाइलाजाने खोके ओढून काढले. तो पन्हळी पुठ्ठा होता. दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी वळणांचा तिसरा कागद चिकटवलेला असतो, तो हा पुठ्ठा. नागमोडी कागदाचे पहिले पेटंट १८५६ साली इंग्लंडमध्ये घेतले गेले, आणि तेही उंच टोप्यांना आतून अस्तर लावण्यासाठी! खोक्यांसाठी त्याचा उपयोग व्हायला आणखी काही दशके जावी लागली. त्याचे बळ त्या वळणांत असते. साधा कागद दोन पुस्तकांवर आडवा ठेवला तर एका नाण्याच्या भारानेही वाकतो. त्याच कागदाला बारीक चुण्या घातल्या की तो कितीतरी अधिक भार पेलतो.

मुलाने दहा सेंटिमीटर बाजूचे सहा चौरस आखले, कातरीने कापले आणि डिंकाने एकमेकांना चिकटवले. घन तयार झाला खरा. पण वरचे झाकण काही केल्या नीट बसेना. एका बाजूला फट राही. ती मिटवायला गेले की दुसऱ्या बाजूला फट पडे. मुलगा चिडला. त्याने तो घन जमिनीवर आपटला. घन घरंगळत गेला आणि आजोबांच्या पायाशी थांबला.

आजोबांनी तो उचलला. कित्येक महिन्यांत त्यांनी पुठ्ठा हाती धरला नव्हता. त्यांचा अंगठा कडांवरून सावकाश फिरू लागला.

"सगळे चौरस सारखे कापलेस?" त्यांनी विचारले.

"हो. प्रत्येक बाजू बरोबर दहा सेंटिमीटर."

"म्हणूनच झाकण आखूड पडलं. अरे, पुठ्ठा म्हणजे नुसती रेघ नव्हे. पुठ्ठ्याला अंग असतं. उभ्या भिंती चिकटवल्यास, त्यांची जाडी बाहेर वाढली. ती हिशेबात धरायला नको? पुस्तक बांधतानाही पाठीजवळ थोडी जागा सोडावी लागते. नाहीतर पुस्तक उघडतच नाही."

मग त्यांनी दुसरी चूक दाखवली. कातरीने पुठ्ठ्याची कड चेपली होती. जाड पुठ्ठा कातरीने कापू नये. त्याला धारेचे हत्यार लागते, आणि ते घरातील वडील माणसाने चालवावे. तिसरी गोष्ट घडीची. पन्हळींच्या दिशेने पुठ्ठा सहज दुमडतो. आडव्या दिशेने दुमडायचा असेल तर आधी बोथट पट्टीने रेघ दाबून खाच पाडावी लागते, नाहीतर घडी वाट फुटेल तिकडे जाते. मुलाने हे सारे ऐकले आणि दुसरा घन केला. त्याचे झाकण बसले. आजोबांनी त्याच्या बाराही कडांवरून बोट फिरवले आणि ते इतकेच म्हणाले, "हं, मिटला."

त्या एका शब्दाने मुलाला हुरूप आला. त्याने मिठाईच्या पेट्यांचा पातळ पुठ्ठा घेतला. सहा सुटे चौरस चिकटवत बसण्यापेक्षा सहा चौरसांचा एकच सलग तुकडा कापावा आणि घड्या घालून घन करावा, असे त्याने ठरवले. अशा तुकड्याला घडण म्हणतात. जर्मनीतील चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने १५२५ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात अनेक घनाकृतींच्या अशा उलगडलेल्या घडणी काढून दाखवल्या होत्या. सहा चौरस कडेला कड लावून एकूण ३५ निरनिराळ्या रीतींनी जोडता येतात. परंतु त्यांपैकी सगळ्यांचा घन होत नाही. सहा चौरस एका ओळीत असतील तर घड्या घातल्यावर पट्टी स्वतःभोवतीच गुंडाळली जाते आणि दोन्ही तोंडे उघडी राहतात. मुलगा एकेक मांडणी कापून पाहू लागला. घन झाला की तुकडा पुन्हा उलगडून तो बाजूला ठेवी. तिसऱ्या दिवशी त्याने जाहीर केले, "आजोबा, घनाच्या बारा घडणी मिळाल्या!"

आजोबांनी ते बारा तुकडे मांडीवर घेतले. प्रत्येक तुकडा ते बोटांनी चाचपत, फिरवीत, उलटा करीत आणि पुन्हा चाचपत. बऱ्याच वेळाने त्यांनी दोन तुकडे एकावर एक ठेवले. ते तंतोतंत जुळले.

"हे दोन वेगळे नाहीत. एक उलटा केला की दुसरा होतो."

मुलगा पाहतच राहिला. त्याच्यासमोर ते दोन तुकडे तीन दिवस पडून होते. पण एकाचे तोंड डावीकडे आणि दुसऱ्याचे उजवीकडे असल्यामुळे ते त्याला निराळे भासले होते. आजोबांच्या बोटांना डावे-उजवे फसवू शकले नाही. बाराच्या अकरा घडणी झाल्या. आणि घनाच्या घडणी अकराच असतात. बारावी कोणालाही सापडणार नाही.

आता मुलाला समभुज त्रिकोणांचा नाद लागला. एका कोपऱ्याभोवती तीन त्रिकोण जोडले आणि तळाला चौथा लावला की चार पृष्ठांची आकृती होते. तिला चतुष्फलक म्हणतात. प्रत्येक कोपऱ्याभोवती चार त्रिकोण आणले तर आठ पृष्ठांचे अष्टफलक होते. या दोन्ही आकृत्या त्याने एका दिवसात केल्या. त्रिकोण वाढले की आकृती मोठी होते, हे त्याने हेरले. दुकानातल्या आकृत्यांपेक्षा मोठी आकृती करून सर्वांना थक्क करावे, अशी त्याला हाव सुटली. म्हणून पाच सोडून त्याने एकदम सहा त्रिकोण घेतले.

सहा त्रिकोण त्याने एका बिंदूभोवती जोडले. ते टेबलावर सपाट पसरले. त्याने मधला बिंदू खालून बोटाने उचलला. एक शिवण फाटली. त्याने नवे त्रिकोण कापले. तेही सपाट पसरले. खळ दाट केली, पट्ट्या दुहेरी लावल्या, त्रिकोण लहान केले, मोठे केले. दोन दिवस गेले, दोन पेट्या संपल्या. पण टोक काही वर येईना. दुसऱ्या संध्याकाळी मुलगा डोळे पुसत म्हणाला, "माझा हातच वाकडा आहे. मला हे जमायचं नाही."

आजोबांनी तो सपाट तुकडा मागून घेतला. तळहात पसरून त्यांनी तो हलकेच दाबून पाहिला. मग विचारले, "समभुज त्रिकोणाचा एक कोन किती अंशांचा?"

"साठ."

"असे सहा कोन एका बिंदूभोवती आले. किती झाले?"

"तीनशे साठ." आणि हे बोलता बोलताच मुलगा थांबला.

"बिंदूभोवती जागाच तीनशे साठ अंशांची असते," आजोबा म्हणाले. "ती सगळी भरून गेली. आता टोक वर यायला वाव कुठे राहिला? कोपरा उभा राहायचा तर थोडी जागा रिकामी हवी. ती रिकामी जागा मिटवताना पुठ्ठा वर उचलला जातो. तुझा हात वाकडा नाही, बाळ. हा तुकडा तर इतका नेटका कापला आहेस, की केसाचीही फट नाही. ही चूक हाताची नव्हे. हा नियम आहे."

मुलाच्या मनावरचे ओझे उतरले. आपण दोन दिवस जे करू पाहत होतो ते जगातल्या कोणत्याही कुशल कारागिराला जमले नसते, हे कळल्यावर त्याला हसूही आले. तो पुन्हा कामाला लागला. सहा नाहीत तर पाच त्रिकोण घ्यावे. पाच साठे तीनशे. साठ अंशांची जागा रिकामी राहते. प्रत्येक कोपऱ्याभोवती पाच त्रिकोण आणले तर वीस पृष्ठांची आकृती होते. तिचे नाव विंशतिफलक.

त्याने वीस त्रिकोण कापले आणि जोडत गेला. एका बाजूने सुंदर घुमट आकाराला येऊ लागला. पंधरा झाले, सोळा झाले, अठरा झाले. परंतु शेवटचे दोन त्रिकोण त्यांच्या जागेत मावेनात. दाबून बसवले तर घुमट एका अंगाला फुगे. मुलगा थोडा वेळ खटपट करून थांबला आणि आजोबांजवळ जाऊन मोठ्या शहाणपणाने म्हणाला, "आजोबा, हाही मिटत नाही. हाही नियमच असणार."

आजोबांच्या चेहऱ्यावर किंचित हसू उमटले. "पाच कोन मिळून किती झाले?"

"तीनशे."

"म्हणजे जागा आहे. मग नियमाच्या नावानं का ओरडतोस? आकृती सोड. वीसही त्रिकोण एकावर एक रचून माझ्याकडे आण."

मुलाने नाखुशीने पट्ट्या सोडवल्या. आजोबांनी त्रिकोणांची चवड हातात घेतली आणि तिच्या कडेवरून खालून वर अंगठा नेला. चवड सरळ नव्हती. वर जाताना ती किंचित किंचित रुंदावत होती, उलट्या ठेवलेल्या जिन्यासारखी.

"दुसरा त्रिकोण कशावरून आखलास?"

"पहिल्यावरून."

"तिसरा?"

"दुसऱ्यावरून." मुलगा हळूच म्हणाला.

आता त्यालाही समजले. नमुन्याभोवती पेन्सिल फिरवताना तिच्या जाडीएवढी रेघ दर वेळी बाहेर पडत होती. एका वेळी ती डोळ्यांना दिसतही नव्हती. पण प्रत्येक त्रिकोणाने आपल्या आधीच्या त्रिकोणाची चूक घेतली आणि तिच्यात आपली भर घातली. विसावा त्रिकोण पहिल्यापेक्षा चांगलाच मोठा झाला होता.

"कारखान्यात काय नि दुकानात काय, नमुना एकच ठेवायचा असतो," आजोबा म्हणाले. "आणि आणखी एक सांगतो. परवा तू नियमाची चूक हाताच्या माथी मारलीस आणि रडलास. आज हाताची चूक नियमाच्या माथी मारतोस आणि निवांत होतोस. दोन्ही वेळा मोजायचं तेवढं राहिलं."

मुलाने मान खाली घातली. त्या रात्री त्याने एक त्रिकोण जाड पुठ्ठ्यावर कंपासाने काळजीपूर्वक आखला, वडिलांकडून कापून घेतला आणि त्या एकाच नमुन्यावरून टोकदार पेन्सिलीने वीसही त्रिकोण उतरवले. दुसऱ्या दिवशी दुपारी विंशतिफलक मिटले. त्याचे बाराही कोपरे आजोबांनी बोटांनी मोजले.

पाचवी आकृती बारा पंचकोनांची. नियमित पंचकोन आखणे मुलाला अवघड वाटत होते. तेव्हा आजोबांनी कागदाची एक लांब, सारख्या रुंदीची पट्टी मागितली. तिला त्यांनी साधी गाठ मारली, ती हळूहळू ओढून घट्ट केली आणि नखाने दाबून सपाट केली. गाठीचा चक्क नियमित पंचकोन झाला! डोळे मिटून केलेले ते काम पाहून मुलगा आनंदाने ओरडला. त्या गाठीच्या आकारावरून एक नमुना झाला आणि नमुन्यावरून बारा पंचकोन. पंचकोनाचा एक कोन १०८ अंशांचा. तीन कोन मिळून ३२४ होतात आणि कोपरा उभा राहतो. अशा रीतीने द्वादशफलकही तयार झाले.

मग मुलाला प्रश्न पडला, सहावी आकृती कोणती? या वेळी त्याने कात्रीला हात लावण्यापूर्वी कागद घेतला. कोपऱ्यावर निदान तीन पृष्ठे हवीत, आणि त्यांचे कोन मिळून ३६० अंशांहून कमी हवेत. त्रिकोण तीन, चार किंवा पाच चालतात. सहा चालत नाहीत. चौरस तीन चालतात. चार सपाट पसरतात. पंचकोन तीनच. षट्कोनाचा कोन १२० अंशांचा. तीन घेतले की ३६० पुरे होतात. पुढच्या आकृत्यांचे कोन तर याहून मोठे. सर्व पृष्ठे सारखी व नियमित, सर्व कडा सारख्या, प्रत्येक कोपऱ्यावर पृष्ठांची संख्या सारखी आणि कोठेही खड्डा नाही, अशा आकृत्या पाचच! एकही पुठ्ठा न कापता मुलाला उत्तर मिळाले.

हे उत्तर फार जुने आहे. सुमारे इ.स.पू. ३०० मध्ये युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या तेराव्या, म्हणजे अखेरच्या भागात या पाच आकृत्यांची रचना सांगितली आणि सहावी असू शकत नाही हेही दाखवले. पुढे केप्लर या ज्योतिर्विदाला या पाच आकृत्यांनी वेड लावले. त्या काळी सहा ग्रह ज्ञात होते आणि त्यांच्यामध्ये पाच अंतरे होती. त्या पाच अंतरांत या पाच आकृत्या एकात एक बसवल्या आहेत, अशी कल्पना त्याने १५९६ साली मांडली; ती समजावण्यासाठी त्याने कागदाची प्रतिकृतीही केली होती. ग्रहांच्या कक्षा वास्तविक तशा नाहीत. पण त्याच केप्लरने पुढे मंगळाचा मार्ग वर्तुळाकार धरून गणित केले, तेव्हा टायको ब्राहे याने घेतलेल्या वेधांशी त्याचा आठ कलांचा, म्हणजे एका अंशाच्या साठ भागांपैकी आठ भागांचा फरक पडला. केप्लरने ती चूक टायकोच्या वेधांच्या माथी मारली नाही. त्याने आपले गणित पुन्हा तपासले, आणि १६०९ साली मंगळ दीर्घवर्तुळात फिरतो हे जगाला सांगितले.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी पाच आकृत्या खिडकीत ओळीने मांडल्या होत्या. त्यांच्याशेजारी मुलाने आणखी एक वस्तू ठेवली. तो सहा त्रिकोणांचा सपाट तुकडा होता. त्यावर त्याने चिठ्ठी लावली : "ही आकृती मिटत नाही. सहा वेळा साठ म्हणजे तीनशे साठ."

आजोबांचा हात त्या ओळीवरून फिरत फिरत त्या तुकड्याशी येऊन थांबला. मुलगा त्यांच्याजवळ बसला. काही वेळाने तो भीत भीत म्हणाला, "आजोबा, ते पुस्तक उलटं बांधलं गेलं होतं ना, ती चूक कोणाची होती? हाताची?"

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर दिवेलागण झाली होती.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "बांधणी तर पक्की होती. पुठ्ठ्याची वरची बाजू कोणती, एवढंच दिसलं नव्हतं."

"तेवढं तर मी सांगेन," मुलगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शाळेत पाच आकृत्यांचे कौतुक झाले. पण गणिताचे गुरुजी सर्वांत जास्त वेळ उभे राहिले ते त्या सपाट तुकड्यापाशी. संध्याकाळी ही बातमी सांगायला मुलगा धावत घरी आला, तेव्हा खिडकीजवळची जागा रिकामी होती. आजोबा स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून सूनबाईंना सांगत होते, "खळ जरा दाट शिजव, आणि किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद मीच घालीन, तू हात लावू नकोस." शेजारच्या मुलीचे फाटलेले इतिहासाचे पुस्तक पाटावर ठेवलेले होते, आणि त्याच्याशेजारी पंख्याच्या खोक्यातला उरलेला पुठ्ठा.